जागा भरली

साडेनऊला साहेब म्हणाले,
ती ऑपरेटरची जाहिरात काढून टाक, सुवर्णा.
एवढंच. चहाचा कप हातात तसाच.
खाली फौंड्रीत पहिली भट्टी लागत होती,
उद्यमबागेवर तो करडा वास पसरत होता
ज्याला आम्ही आता वास म्हणत नाही.

काढून टाकायचं म्हणजे एक बटण.
पण आधी ते विचारतं, कारण निवडा.
जागा भरली.
भरती पुढे ढकलली.
इतर.
काम पुण्याला गेलं, मशीन झाकून ठेवलंय
आणि कापडावर कुणीतरी डबा ठेवतं जेवताना,
असं कारण यादीत नाही.
इतर निवडलं तर लिहावं लागतं.
मी जागा भरली निवडलं.

बेळगावीची जाहिरात गेली.
बेळगावची राहिली.
त्यांच्या यादीत ही दोन शहरं आहेत,
एकमेकांपासून शून्य किलोमीटरवर,
आणि मार्चमध्ये मीच दोन्हींकडे टाकली होती,
माणसं मिळेनात म्हणून.
कुठल्या नावाला किती अर्ज आले
ते मी कुणाला सांगत नाही.
इथं असल्या आकड्यांची बातमी होते.

दुसऱ्या खात्याचा ओटीपी जातो शिल्पा हिरेमठला,
जी लग्न करून गदगला गेली.
फोन केला. कळस्तीन री, म्हणाली,
मागं बाळ रडत होतं.
सहा आकडे आले, अकरा मिनिटांनी.
ते दहाच मिनिटं जगतात.

आणि तिसरी एक आहे, मी न लावलेली.
कुठल्याशा साईटनं आमची उचलून
आपल्या दारात टांगली,
अठरा हजारांचे अठ्ठावीस केले,
राहण्याची सोय, जेवण,
आणि खाली नंबर माझा.
न लावलेली जाहिरात काढायची कशी
ते त्यांच्या मदत केंद्राला विचारलं.
तुमचा अनुभव कसा होता,
एक ते पाच तारे द्या, म्हणाले.

मग फोन. रायबागहून, कुडचीहून,
निपाणीहून एकीचा, नवऱ्यासाठी,
एक सुरतेहून, परत यायचं होतं त्याला.
जागा भरली. जागा भरली हो.
तुम्बिद री.
दोन्ही भाषांत तेवढंच खोटं,
कन्नडमध्ये जरा लवकर संपतं.

गुरुवारी तो स्वतःच आला.
निंगाप्पा घाडी, गर्लगुंजी.
वय एक्केचाळीस, जाहिरातीत तीसपर्यंतच होतं.
खडेबाजारातल्या साडीच्या दुकानाची पिशवी,
तिच्यात आयटीआयचं सर्टिफिकेट, लॅमिनेशनच्या कडा पिवळ्या.
मोबाईल पुढं धरला.
बंद झालंय म्हणून दाखवत न्हाई की, मॅडम.
खरंच दाखवत नव्हतं.
हिरवा ठिपका, तातडीने पाहिजे.

बसा की, म्हटलं. पाणी दिलं.
जागा भरली, म्हटलं.
तो चिडला असता तर बरं होतं.
कोण लागलं? त्यानं विचारलं.
आजवर एकानंही विचारलं नव्हतं.
आपल्याच भागातलं हाय नव्हं?
होय, मी म्हटलं.
बरं झालं की.
आणि खरंच बरं वाटलं त्याला, दिसलं ते,
खांदे जरा खाली आले.
कुठल्या गावचं?

मी खिडकीतून बाहेर बघितलं.
एक टेम्पो उभा होता, मागं लिहिलं होतं,
कुद्रेमनी.
कुद्रेमनीचा, म्हटलं.

पिशवी बांधता बांधता तो थांबला.
बायकोचं माहेर की ते, म्हणाला, हसला.
कुठल्या गल्लीतलं पोरगं?

खाली भट्टी ओतायची वेळ झाली, घंटा वाजली.
घंटा संपेपर्यंत माझ्याकडे वेळ होता.